निळ्या कॅनमधलं ताक

तंबाखूवाले शेतकरी भावासाठी रस्त्यावर बसले त्याच्या आदल्या साली आमच्या तंबाखूवर अळी पडली. हिरवी, बोटाएवढी. सकाळी धड असलेलं पान दुपारी जाळी होऊन लोंबायचं. नेमगोंडा, माझा थोरला, निपाणीला गेला आणि औषधाचे चार कॅन घेऊन आला. तोवर औषध टिनाच्या डब्यातून यायचं. त्या साली पहिल्यांदा प्लॅस्टिकमधून आलं. निळा रंग, पाच लिटरचं पोट, फिरकीचं बूच, आणि धरायला अंगचीच जाडजूड मूठ.

औषध मारायचं काम सिद्रामकडं. आम्ही जैन. अळी असली तरी जीव आहे, तो आम्ही आमच्या हातानं मारत नाही. सिद्राम तोंडाला फडकं बांधून, पाठीवर पंप घेऊन सरीतनं चालायचा आणि कुठली सरी राहिली ते मी बांधावरनं सांगायची.

चार दिवसांत चारी कॅन रिकामे झाले आणि बायका ते बघायला येऊ लागल्या. गळ्यातल्या डोरल्याकडं बघावं तसं बघायच्या. उचलायच्या, बोटानं टिचकी मारायच्या.

"काय हलका गं," तानीबाई म्हणाली. "घागरीनं कंबर मोडली आमची. ह्यो पडला तर फुटायचा न्हाय, गंजायचा न्हाय."

शेवंताबाईनं सरळ मागितला. ही सिद्रामची बायको, बुद्धवाड्यातली. माझ्या रानात अकरा वर्षं येत होती. बायांची रांग लागली की पहिली सरी तिची. तंबाखूचा शेंडा ती नखानं असा खुडायची की झाडाला कळायचं नाही.

"आक्का, एक मला द्या की. जोंधळ्याला उंदीर लागल्यात."

"तुझ्या घरात उंदराला पुरून उरतोय जोंधळा? बरंच चाललंय म्हणायचं."

"जोंधळा तुमच्याच रानातला हाय. उंदीरबी तुमचंच आसतील. माग काढत आलं."

बाया हसल्या. मी नाही हसले. मला उलटं बोलणारी गावात ती एकटीच होती आणि कामाला तिच्यासारखी दुसरी नव्हती, म्हणून मी तिला ठेवली होती. कॅन मात्र दिला नाही. दोन इंजिनाच्या डिझेलला ठेवले, एक रॉकेलला. चौथा गोठ्यात खुंटीला टांगला.

आठ दिवसांनी डेरा फुटला.

रानातल्या खोपीत बायांच्या ताकापाण्याचा मातीचा डेरा होता. तो त्यांचा. घरातलं भांडं रानात जात नसे, रानातलं घरात येत नसे. सिद्रामनं दुसऱ्या खेपेच्या फवारणीचा पंप पाठीवरनं उतरवताना डेऱ्यावर टेकवला आणि मधोमध भेग गेली. कुंभाराची भट्टी लागायला अजून पंधरा दिवस होते. ऊन तर असं की बांधावरच्या दगडावर पाय ठेववत नव्हता. शेंडे खुडायचं काम ऐन भरात. ताकाशिवाय बाया सरीत उभ्या राहिल्या नसत्या.

मला चौथा कॅन आठवला.

भांड्यांचा कायदा मला माझ्या सासूनं शिकवलेला. मातीचं बाटलं तर फोडायचं. पितळेचं बाटलं तर चिंच-राखेनं घासून विस्तवावर धरायचं. काचेचं धुतलं की झालं. प्लॅस्टिकचं तिनं सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हा आमच्या गावात प्लॅस्टिक आलंच नव्हतं. बस्तीत, आमच्या जैन देवळात, गेले होते तेव्हा उपाध्यांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "शास्त्रात प्लॅस्टिक नाही."

मग मीच ठरवलं. कॅन हातात घेऊन बघितला. गुळगुळीत. पाणी टाकलं तर थेंब होऊन घरंगळत होतं, चिकटत नव्हतं. मातीसारखा पिणारा नव्हे. ह्याला काही धरत नाही. रानातल्या बायांनी शिवला तरी बाटणार नाही, रोज घरी आणून भरता येईल. तेवढी माझी सोय.

सून प्रेमला चिकोडीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ती कॅन फिरवून वाचत बसली.

"आत्ती, ह्याच्यावर कवटी हाय. खाली कानडीत लिवलंय, रिकामा डबा वापरू नका, फोडून पुरा."

"कुणी लिवलंय?"

"कंपनीनं."

"लिवंल की. डबा फोडला तरच दुसरा इकला जाणार न्हवं त्येंचा."

"आवो पण कवटी..."

"कवटी कागदावर हाय. कागद निघाला की ती गेली."

विळ्याच्या पात्यानं मी कागद खरवडून काढला. माझ्यापुढं त्या घरात कोणी पुढं बोलत नसे.

तीन दिवस मी तो कॅन धुतला. सुनेला हात लावू दिला नाही. आधी चुलीतली राख. मग वाळू घालून खळखळवला. मग रिठ्याचं पाणी, मग चिंचेचा कोळ. शेवटी उकळतं पाणी ओतलं तेव्हा कॅनचं पोट फुगलं आणि टक् करून परत बसलं. मूठ नारळाच्या शेंडीनं बाहेरून घासली. दोन दिवस माळवदावर उन्हात उपडा घातला. नाक आत घालून वास घेतला. राखेचा आला. दुसरा कसलाही आला नाही.

सकाळी विहिरीचं पाणी आणलं. दुहेरी फडक्यानं गाळलं. आमच्यात गाळलेल्या फडक्यात जे जीव राहतात ते उलटं पाणी घालून परत विहिरीत सोडतात. ती जिवाणी मी माझ्या हातानं, मडकं विहिरीच्या पाण्यापर्यंत नेऊन सोडली. वरनं ओतली तर जीव आपटतात. मग घरी येऊन ताक केलं, मीठ-जिरं घातलं, गाळलेलं पाणी घातलं आणि कॅनमध्ये भरलं.

शेवंताबाईनं तो काखोटीला मारला.

"मागितला तवा दिला न्हाईसा. आता वाहायला दिलासा."

"वाहायलाच दिलाय. पेटीत ठिवायला न्हवं."

दुपारी मी रानात गेले तेव्हा बाया लिंबाखाली बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत काळे. तंबाखूचा चीक एकदा धरला की राखेनंही निघत नाही, भाकरी कडू लागते. मी कॅन तिरका करून वरनं ताक ओतत होते, एकेक बाई आपापल्या वाटीत घेत होती.

"आक्का, तुमचं ताक म्हंजे काय सांगू," शेवंताबाई म्हणाली, "पाण्याला ताकाची आठवण झाल्यावानी हाय."

"उद्यापास्नं तुझ्या म्हशीचं आण."

"आमची म्हस तुमच्याच गोठ्यात हाय की. तिला अजून ठावं न्हाय." मग वाटी नाकाशी नेऊन म्हणाली, "आक्का, उग्र वास येतोय."

"हाताचा येतोय तुझ्या. हात धू आदी."

तिनं हात हुंगला. चिकानं भरलेला हात, त्याला वास होताच. ती प्याली.

दिवसभर कॅन खोपीच्या सावलीत असायचा. सावली सरकली की उन्हात. संध्याकाळी तळाला उरेल ते कॅन वाहणारीचं, असा आमच्या रानातला रिवाज. तळाचं ताक दाट असतं. ते शेवंताबाई प्यायची.

दुसऱ्या दिवशी तानीबाईला मळमळलं. तिसऱ्या दिवशी आणखी दोघींना. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. खुडणीच्या दिवसांत बाया ओकतातच. चीक अंगात मुरतो, डोकं फिरतं, तोंडाला पाणी सुटतं. त्याला आम्ही तंबाखू लागली म्हणतो. मी लग्न होऊन आले त्या साली मलाही लागली होती. औषध सगळ्यांना ठाऊक, गूळ खायचा आणि वर ताक प्यायचं. मी सांगून पाठवलं, जिला लागली असेल तिला जादा ताक द्या.

चौथ्या दिवशी चतुर्दशी होती. माझा उपास. त्या दिवशी मी बस्तीत जाते, दिवस बुडायच्या आत एकदाच जेवते, चुलीपुढं बसत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच ताक करून कॅन भरून ठेवला. शिळं ताक आमच्यात चालत नाही. रानातल्या बायांना चालतं.

दुपारी बस्तीतून परस्पर रानात गेले. शेवंताबाई सरीत नव्हती. लिंबाच्या बुडाला पाय पसरून बसली होती. ती पाय पसरून बसणारी बाई नव्हे.

"काय गं, माह्यारला आलीयास व्हय?"

"आक्का, तंबाखू लागली." तिच्या तोंडातनं लाळ गळत होती, ती पदरानं पुसत होती, परत गळत होती. चोळी घामानं भिजून पाठीला चिकटलेली. "लिंबाचं झाड दोन-दोन दिसतंय."

"बरं झालं. दोघींपुरती सावली झाली."

तिला हसू आलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा काही तरी वाटलं, पण मी गूळ काढला. गुळाचा खडा तिच्या हातातून पडला. हाताची बोटं आपोआप उडत होती, तव्यावरच्या ज्वारीसारखी. वाटी तिला धरवेना. मी खाली बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी तिच्या तोंडाला लावली. माझी बोटं तिच्या ओठांना लागली. अकरा वर्षांत मी तिला पहिल्यांदा शिवले. एक वाटी पाजली. दुसरी पाजली. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, "गिळ. ह्यानंच उतरतंय."

तिसरी भरेपर्यंत ती ओकली. मग लुगडं खराब झालं. मग हातपाय ताठ होऊन झटके यायला लागले.

बायांनी आरडाओरडा केला, तसा सिद्राम पलीकडच्या तुकड्यातनं पंपासकट पळत आला. त्यानं बायकोची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती. त्यानं पंप मारणाऱ्या गड्यांचे असले डोळे बघितलेले.

"ही तंबाखू न्हवं," तो म्हणाला.

त्यानं आजूबाजूला बघितलं. खोपीकडं बघितलं. माझ्या बाजूला पडलेल्या कॅनकडं बघितलं. कॅनवरनं त्याची नजर वाटीवर आली आणि वाटीवरनं खाली जमिनीवर गेली. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

शेजारच्या रानात व्यापाऱ्याचा टेम्पो आला होता. त्यात तिला घातली. मी, सिद्राम आणि ती. निपाणी येईपर्यंत तिचं डोकं माझ्याच मांडीवर होतं, कारण ते तिथनं काढून ठेवायला दुसरी जागा नव्हती. माझं बस्तीत जायचं धूतवस्त्र लाळेनं भिजलं. मी फक्त तिच्या श्वासाचा आवाज ऐकत होते. चिखलात हुक्का ओढल्यासारखा.

डॉक्टरानं तिचे डोळे बघितले आणि काही न विचारता सुई मारली. पंधरा मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. मग बाहेर आला.

"औषध प्यालीय. किती प्याली?"

सिद्रामनं तोंडाचं फडकं सोडून हातात घेतलं.

"घरात भांडण झालं काय? मारलंस तिला?"

"न्हाय सायब."

"मग औषध का घेतलं तिनं?"

सिद्राम पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिला. तो का बोलत नव्हता ते मला ठाऊक होतं. त्याचं घर माझ्या जागेत होतं. त्याचा बापही माझ्या सासऱ्याच्या रानात होता. मी बोलले असते तर तो बोलला असता. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझी नजर समोरच्या कॅलेंडरवर होती.

डॉक्टर म्हणाला, पोलिसाला कळवावं लागेल, तसा नियम आहे. आत गेला. खिडकीतनं ऊन फरशीवर आलं होतं. ते बाकाच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत सरकलं. आतनं खाटेचा आवाज येत होता. झटका आला की खाट वाजायची.

मला माहीत होतं. डोक्यात सगळं स्वच्छ होतं. राख, वाळू, रिठा, चिंच, उकळतं पाणी. मी पुन्हा पुन्हा तेच धूत होते. कुठं राहिलं ते सापडत नव्हतं. तोंड उघडायचं म्हटलं तर उपासाचं तोंड, जीभ टाळूला चिकटलेली. पाटलाच्या घरात दिलेली, पाटलाच्या घरातनं आलेली मी. बस्तीत माझ्याआधी कोणी बाई आरतीला हात लावत नाही. मी बायांना विष पाजलं, हे वाक्य माझ्या तोंडात बसत नव्हतं.

पोलीस आला. बाकावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, कागद काढला. कानडीत विचारलं, नवरा कोण. मग सिद्रामला मराठीत, "दारू पितोस?"

"कवातरी."

"कवातरी म्हंजे पितोस. काल प्यालतास?"

"न्हाय."

"तिला काय बोल्लास?"

"काय न्हाय."

पोलिसानं बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. बाईनं नवऱ्याच्या जाचाला कंटाळून रागाच्या भरात पिकावरचं औषध घेतलं. "आण अंगठा."

सिद्रामनं हात पुढं केला. शाईच्या डबीवर अंगठा टेकवला. अंगठा निळा झाला. तो कागदाकडं नेताना एकदाच त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. विचारून बघितलं, लावू का?

"थांब रं," मी म्हटलं.

पोलिसानं वर बघितलं. "तुमी कोण?"

"मालकीण. ती औषध प्याली न्हाय. मी पाजलंय. औषधाच्या कॅनमधनं ताक दिलं, चार दिस."

माझा आवाज सरीवर उभं राहून बोलते तसाच निघाला. पोलिसानं पेन खाली ठेवलं आणि डॉक्टराला हाक मारली. डॉक्टरानं ऐकून घेतलं.

"कॅन धुतला नव्हता?"

"तीन दिस धुतला. राखेनं, चिंचेनं, उकळत्या पाण्यानं."

"बाई, तीन वर्षं धुतला तरी जात नाही. प्लॅस्टिक औषध पितं. वरनं कोरडं दिसतं, आत मुरलेलं असतं. त्यात आंबट ताक घातलं, उन्हात ठेवलं, की ते परत वर येतं."

"पाण्याचा थेंब चिकटत न्हवता त्याला."

"पाण्याचा नाही. ते तेलासारखं असतंय." मग त्यानं विचारलं, "मूठ पोकळ होती काय?"

मूठ मी बाहेरून घासली होती.

"जेवणाचं जे दुकानातनं येतं, त्याचाच डबा जेवणाला ठेवायचा," तो म्हणाला. "तेलाचा तेलाला. औषधाचा फोडून पुरायचा. एवढंच. ह्याला शाळा लागत नाही." आणि लगेच, "आणखी कोण कोण प्यालंय?"

तेव्हा मला तानीबाई आठवली. सहा बाया होत्या. मी कॅलेंडर बघत बसले होते तेवढा वेळ त्या रानातच गूळ खात, ताक पीत पडल्या असणार. कॅन तिथंच होता.

त्यांना आणायला पोलीसच टेम्पो घेऊन गेला. दिवस मावळला तेव्हा मी बाकावरच होते. उपास सोडायचा राहिला. रात्री आम्ही जेवत नाही.

तानीबाई आणि दुसऱ्या दोघी एक दिवस राहून परत आल्या. बाकीच्यांना काही झालं नाही. शेवंताबाई नऊ दिवस खाटेवर होती. जगली. पण हाताची बोटं धरेनात आणि चालताना पाऊल आपटायचं. डॉक्टर म्हणाला, सुधारेल किंवा नाही. तिच्या नखांनी तंबाखूचा शेंडा आता खुडला जाणार नव्हता.

घरी कोणी मला काही बोललं नाही. प्रेमला जेवण वाढायची, मी जेवायची. एकदा मी म्हटलं, "तू सांगितलं हुतंस." ती म्हणाली, "भात वाढू का?"

मी कॅन रानातनं आणवला, गोठ्यापुढं ठेवला आणि विळ्याचं टोक आधी मुठीत घातलं. मुठीच्या वरच्या कोपऱ्यातनं पिवळट, दाट, बोटभर औषध हळूहळू खाली आलं. त्याचा वास आला. तोच, उग्र. मी तिला हात धुवायला सांगितलं होतं.

मग मी विळा घेऊन गावात निघाले. त्या साली गावभर अळी होती, गावभर कॅन होते. पहिल्या घरात त्यात तेल होतं. दुसऱ्यात लोणचं, तिसऱ्यात शाळेला जाणाऱ्या पोरीचं पाणी. मी उंबऱ्याशी उभी राहून म्हणायची, "कॅन आणा."

"आमचा लई बेस धुतलाय, पद्माक्का. सोडा घालून."

"मीबी धुतलता."

"आमचा औषधाचा न्हाय, खताचा हाय."

"खत खातीस का? आण."

एक म्हातारी कॅन पोटाशी धरून बसली. "सात महिनं झालं, मला काय झालं न्हाय."

"तुला काय व्हायचं ऱ्हायलंय? नातवाला हुईल."

कुणी शिव्या दिल्या. कुणी दार लावलं. एकीनं माझ्यामागं म्हटलं, "दुसऱ्याला पाजून आता श्याणपण सांगती." ते खरं होतं, म्हणून मी वळले नाही. सतरा कॅन फोडले. रॉकेलच्या आणि डिझेलच्या डब्यांना कोळशानं फुली केली आणि चुलीपासनं लांब ठेवायला लावले. तेलाचे आलेले तेलालाच ठेवले. त्यांना विळा लावला नाही.

अठरावा बुद्धवाड्यात होता. शेवंताबाईच्या घरी.

पुढची चतुर्दशी होती त्या दिवशी. मी घरातली पितळेची चरवी घेतली. सासूची, जी कधी वाड्याच्या बाहेर गेली नव्हती. ताजं ताक केलं आणि स्वतः चालत गेले. त्या आळीत माझं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. कुत्री भुंकली. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेवंताबाई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून पदर घ्यायला गेली, तो बोटांत धरेना, तसाच राहू दिला.

"उठून या म्हनाय येत न्हाय मला," ती म्हणाली.

"बस."

कोपऱ्यात निळा कॅन होता. ओळखीच्या उंचीचा.

"ह्यो कुठला?"

"तुमी दिला न्हाईसा. दुसऱ्या रानातल्या बांधावर पडलता, ह्येनी उचलून आणला. जोंधळा हाय त्यात. उंदीर न्हाय लागला बगा." मग म्हणाली, "उंदरास्नी कळतं."

मी जोंधळा अंगणात ओतला. विळा मारला. "जोंधळा मी धाडते सांजच्याला. ह्यो पुरा. कोंबड्यास्नीबी घालू नगा."

मी चरवी तिच्यापुढं ठेवली. झाकण काढलं.

"ताक हाय. आजचं. घरच्या भांड्यातलं."

तिनं चरवीत बघितलं. मग माझ्याकडं.

"आदी तुमी."

"आज उपास हाय माझा."

"मग ऱ्हाऊ द्या."

बाहेर बाया उभ्या होत्या. सिद्राम दारात आला होता. चुलीपाशी त्यांचा जर्मनचा पेला उपडा होता. मी उठले, तो घेतला, चरवीतलं ताक ओतलं आणि तोंडाला लावून प्याले. सगळं. पेला खाली ठेवला.

"झालं?"

"बसा," ती म्हणाली. "घटकाभर बसा आक्का."

मी बसले. सारवलेली जमीन गार होती. शेवंताबाई पुढं सरकली, अगदी जवळ, आणि माझ्या डोळ्यांत बघायला लागली. एका बाहुलीकडं, मग दुसरीकडं. डॉक्टरानं तिचे बघितले होते तसे. मी पापणी लववली तर ती थांबायची आणि परत बघायची.

दारातलं ऊन उंबऱ्यावरनं आत आलं. ताकावर माशी बसायला आली, तेव्हा तिनं उडत्या बोटांनी झाकण ढकलत ढकलत चरवीवर नेलं. दोनदा घसरलं. मी हात लावला नाही. तिसऱ्यांदा बसलं.

ती अजून प्याली नव्हती. मी बसून होते.